समिंदराच्या तळाला कुळव

कवठे येमाई
२ डिसेंबर

यशूचे पप्पा,

जयभीम. फोन लावला की तुमी कट करता म्हणून लिवती. माझी शाळा सातवीतनं सुटली, अक्षर कसंबी आलं तर हसू नका. चिठ्ठी मुजीबभाईच्या हाती दिती. तुमी ज्याच्या ट्रकात बसून रत्नागिरीला गेला त्योच. तिकडनं सुक्या मासळीची पोती भरून त्यो आमच्या शेडला येतो. आमच्या म्हंजी सुदर्शनशेठच्या. कोंबड्यांचं खाद्य बनवायचं शेड हाय, मलठणच्या रस्त्याला. मी तिथं मासळी चाळायला जाती.

माहेरी पाटसला मी राहिले न्हाई. तुमी उठून गेला, त्याच्या मागोमाग मीबी यशूला घिऊन तुमच्या आईकडं आले. माझा विश्वजीतदादा बोलला त्ये मस्करीत बोलला. साखर कारखान्यात कामाला हाय, त्याला दुसरं काय सुचत न्हाई. "दाजी, कारखाना पेटायचाय अजून, तुमचं गाळप चालू झालं की," म्हणाला. सगळे हसले. मीबी हसले. तुमी तसाच ताटात हात ठेवून माझ्याकडं बघितलं. शिक्रापूरचं काम सुटल्यापासनं तुमी कुणाच्या घरी पोटभर जेवत न्हाई, हे मला ठावं व्हतं. तरी हसले.

शेडला कस्तुराबाई माझ्या जोडीला हाय. मी पोतं उघडलं की म्हणती, "हुंग गं हुंग, नवऱ्याचा वास येतोय का बघ." वासच येतो सगळा. यशू माझ्या अंगाला येईना झाली, नाक वळवती.

मला लई भ्या वाटतं. दौंडला भीमेच्या पुलावर गाडी आली की मी डोळे मिटती, आन् तुमी त्या एवढ्या पाण्यावर झोपता. पवता येतं का म्हणून तुमाला कुणी इचारलं तरी का बोटीवर घेताना? खोटं सांगितलं असंल तुमी.

फोन उचलू नका हवं तर. पर मुजीबभाईपाशी बरं हाय एवढं सांगून पाठवा.

करुणा


कवठे येमाई
१९ डिसेंबर

यशूचे पप्पा,

जयभीम. मुजीबभाईनं सांगितलं, तुमी बरं हाय. दोन शब्द का व्हईना, तुमी पाठवलं.

तुमच्या राहायच्या जागंचंबी कळलं. मुजीबभाईच्या नात्यातले इमामचाचा, त्यांच्या पडवीत तुमी ऱ्हाता, जेवणबी त्यांच्याकडं. म्हातारा लहान होडीतनं गळानं मासं धरतो म्हणं. जन्नतबी चाचीनं तुमाला भात खायला शिकवलं. हिथं भात केला की ताट सरकवायचा. सुधारला.

आन् दुसरं जे कळलं त्यानं जीवाला लागलं. बोट हाकणारा तांडेल तुमाला घाटी घाटी म्हणून शिव्या घालतो. वेल्डर हाय म्हणून घेतलं आन् तुमचा उपेग न्हाई म्हणतो. मी मुजीबभाईला म्हणलं, नीट सांगा, काय अडलंय. त्यो म्हणाला, "वहिनी, बोट जाळं तळाला सोडून वढत न्हेती. चिखलात सरळ जातंय. पर तिकडं पाण्याखाली एक मोठा खडक हाय, मासा सगळा तिथं बसतो. जाळं तिथं गेलं की वर उडतं, न्हाईतर फाटतं. मालक म्हणतो, फाटणार न्हाई असं जाळं करून दे."

मला समिंदर ठावं न्हाई. पर मला आपलं माळाचं रान ठावं हाय. तिथं कुळव असाच वर उड्या मारतो. तवा माझे आप्पा कुळवाच्या दांडावर दगड बांधायचे, आन् वर मला बसवायचे. माझ्या वजनानं कुळवाची लोखंडी पास खाली बसायची, मग खडा असू द्या न्हाईतर मुळी, समदं उकरून निघायचं. म्हणायचे, ह्या पोरीवाचून रान निघत न्हाई.

तसं काय तुमाला करता येतंय का बघा. जाळ्याच्या तोंडाला खालनं वजन लावून, साखळी, लोखंडी चाकं, कायतरी. तुमचं वेल्डिंग कवा तुटलं न्हाई. शिक्रापूरला तुमी केलेलं गेट ट्रकनं धडक मारली तरी उभं हाय.

मला त्यातलं कळत न्हाई, राग मानू नका. तुमच्या कामाला यावं असं वाटलं.

करुणा


कवठे येमाई
९ जानेवारी

यशूचे पप्पा,

तुमचा फोन आला तवा मी भाकरी थापत व्हते. पिठाच्या हातानंच उचलला, अजून फोनच्या कडंला पीठ हाय, मी पुसलं न्हाई.

तुमी हसला. किती दिसांनी. "तुझं डोकं चाललं गं, तुझा कुळव चालला," म्हणला. मी दिसभर त्येच घोकत व्हते. कस्तुराबाई म्हणाली, "हिला आज पगार न्हाई दिला तरी चालंल." तुमच्या आईनं गल्लीत सगळ्यांला सांगितलं, माझ्या सुमितला तांडेल आता शेजारी बसवून जेवायला घालतो. साखळी आन् चाकं लावल्यावर जाळं खडकावरनं सरळ गेलं, डेकावर पाय ठेवायला जागा न्हवती एवढा मासा, हे मी तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली परत सांग.

तुमी म्हणला, हे ऐकून इमामचाचा तेवढा ताटावरनं उठला. म्हातारी माणसं असतात तशी. मनावर घिऊ नका.

हिकडं पोती आली की वळखू येतं तुमच्या बोटीचं. भरगच्च. मोठा मासा बाजाराला जातो, बारका आमच्याकडं. यावेळंला लईच बारका व्हता, माझ्या नखाएवढा. आन् एका पोत्यात दगड घावला. कोबीच्या गड्ड्यावाणी दिसाया, पापुद्र्या पापुद्र्याचा. शेठनं बघितलं तर पोती नाकारतो, दगड दळायच्या मशीनला चालत न्हाई. मी पदरात घिऊन बांधाला टाकून आले. तुमच्या बोटीचं नाव खराब व्हायला नको.

यशू धरून उभी ऱ्हाती. पुढल्या येळंला व्हिडिओ कॉल करा, तिला दावते.

करुणा


कवठे येमाई
१ फेब्रुवारी

यशूचे पप्पा,

जयभीम. तुमी फोनवर घाईत असता, म्हणून लिवती. फोनवर मला नीट बोलताबी येत न्हाई.

दगड लई यायला लागलेत. नुसते दगड न्हाईत. झाडाच्या फांद्या असत्यात तशा, पर दगडाच्या. जाळीदार पंख्यावाणी काय काय. मोडलेलं समदं. भोकाभोकात वाळलेले खेकडे, पिलं घिऊन बसल्यासारखे. आन् मासळीच्या पोटात अंडी. काल एक चिरली तर हात पिवळा झाला, दाणेच दाणे. कस्तुराबाईनं हातातला चाळणा खाली ठेवला. म्हणाली, "आमच्याकडं गाभण शेळी कुणी कापत न्हाई गं."

मी त्यातली एक फांदी पदराखाली ठेवली आन् मुजीबभाई आल्यावर त्याला दावली. हे काय हाय, म्हणलं. त्यानं हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली.

"वहिनी, ये पत्थर नहीं," म्हणाला. "हे जित्तं असतंय. खडकावर उगवतं. इमामचाचा दावत व्हता लहानपणी, गळाला कवातरी एखादा तुकडा लागायचा, तर चाचा माफी मागून परत पाण्यात सोडायचा."

"मग परत उगवंल की," म्हणलं मी. "रान कुळवलं की वर्साला परत येतं."

त्यो हसला, पर बरं हसला न्हाई. "माणसाच्या जल्मात बोटभर वाढतं म्हणतात चाचा. तिथं कोण पेरायला जातंय, वहिनी?"

तवापास्नं मला जेवण जाईना. आमच्या रानात कुळव फिरवला की रान मोकळं व्हतं, श्वास घेतं, त्याला बरं वाटतं असं आप्पा म्हणायचे. मी तळबी तसाच समजले. तळ म्हंजी आपला चिखल, वरनं कायबी फिरवा. तिथं कुणाचं घर असंल, अंडी घालायला कुणी येत असंल, असं माझ्या मनात आलं न्हाई. मला तुमी हवे व्हते, एवढंच मनात व्हतं.

इमामचाचा त्याच खडकावर गळ टाकायचे म्हणं. त्यांचा बापबी. हे तुमाला ठावं व्हतं का? ठावं असंल तर मला सांगू नका.

मी अजूनबी दगड उचलून बांधाला टाकती. ढीग झालाय. तुमच्या आईनं येता-जाता बघून इचारलं कसले दगड, मी म्हणलं चुलीला.

करुणा


कवठे येमाई
२२ फेब्रुवारी

यशूचे पप्पा,

मुजीबभाई सांगत न्हवता, मी यशूच्या डोक्यावर हात ठिवायला लावला तवा बोलला. जाळं खडकाच्या फटीत अडकलं आन् बोट मागनं खाली बसली. मागच्या बाजूनं पाणी आत आलं. जाळं वढायची वायर ताणून तुटली म्हणून तुमी वाचला. तुमी मला फोनवर म्हणला, यंदा वारा बरा हाय.

आधीचं जाळं कच्चं व्हतं. अडकलं की फाटायचं आन् बोट सुटायची. आता फाटत न्हाई. तुमचं वेल्डिंग तुटत न्हाई. हे मीच मोठ्या तोंडानं लिवलं व्हतं.

मी फोन केला तर तुमी म्हणला, "मे संपला की बोटी बंद व्हतात, तवर कळ काढ." मी म्हणलं आत्ताच्या आत्ता या. तुमी म्हणला, "आलो तर परत दादाच्या पंगतीला बसू का?" त्या हसण्याचा दंड किती दिवस भरू मी?

पाटसला जायचं न्हाई आपल्याला. शिक्रापूरला खोल्या हायत, ट्रकांची कामं हायत, दरवाजं खिडक्या बनवा. मी हितंच चाळीन. न्हाईतर नुसते घरी बसा. खरं सांगती, बसून खा. मी एक शब्द बोलणार न्हाई.

ते लोखंड काढून टाका जाळ्याचं. मालकाला सांगा मोडलं. तुमी लावलं, तुमालाच काढता येतंय.

रात झाली की यशूला पोटाशी घेती, आन् मला वाटतं खाटंची मागली बाजू खाली चालली.

करुणा


कवठे येमाई
११ मार्च

यशूचे पप्पा,

जयभीम. ही चिठ्ठी तुमच्याच पोत्यांसंग येती हाय. पोती माघारी का आली ते दुसऱ्या कुणाच्या तोंडनं कळायच्या आधी मीच सांगती.

मी दगड उचलले न्हाईत.

तुमी मालकाला काय सांगितलं न्हाई. जाळं परत जोडलं, परत खडकावर गेला, हे पोत्यात हात घातल्या घातल्या कळलं. मी चाळणा धरला आन् जसं आलं तसं पुढं जाऊ दिलं. कस्तुराबाई म्हणाली, "करुणे, दगड चाललाय." मी म्हणलं, जाऊ द्या. मग तिनंबी तिच्यातले उचलायचे सोडले. मशीनमधी असा आवाज झाला की कोंबड्या ठेवल्या त्या शेडपर्यंत गेला. पातीच मोडली.

सुदर्शनशेठ धावत आला. आत हात घालून फांदी काढली, म्हणाला, "हे काय, समिंदराचा पाया उपसून पाठवलाय काय?" मी बांधावरचा ढीगबी दावला. मला कामावरनं काढलं. कस्तुराबाईला ठेवलं, मी म्हणलं तिला काय ठावं न्हवतं. त्यानं तुमच्या मालकाला माझ्यादेखत फोन लावला, आजपास्नं तुमच्या बोटीचं एक पोतं घेणार न्हाई म्हणाला.

आता मालक तुमच्यावर खेकसंल. घाटी म्हणंल. जाळं कुणी केलं, म्हणून तुमालाच धरंल. हाकलू द्या त्याला.

तुमी माझ्याशी परत हसून बोलणार न्हाई, हे मला कळतंय. नका हसू. कुठंबी ऱ्हावा, माझ्यापाशी न्हाई ऱ्हायला तरी चालंल, पर जमिनीवर ऱ्हावा.

करुणा


कवठे येमाई
६ एप्रिल

इमामचाचा, जन्नतबी चाची,

सलाम. मी करुणा, सुमितची बायको. तुमी मला बघितलं न्हाई. ही चिठ्ठी घिऊन जो दारात उभा हाय त्यो माझा नवरा हाय. त्यांला आत घ्या न्हाईतर नका घेऊ, पर चिठ्ठी वाचा. मुजीबभाई वाचून दावंल.

ते मागल्या महिन्यात घरी आले. मालकानं हाकलल्यावर तुमच्या पडवीतनं पिशवी उचलताना तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई, म्हणले. आल्यावर माझ्याशी बोलले न्हाईत. यशूनं त्यांला वळखलं न्हाई, रडली. पर हळूहळू गेली त्यांच्याकडं. शिक्रापूरला शटरचं काम घावलं. परवा ते भाकरी मागून घिऊन जेवले. मला वाटलं, चला, सरलं.

काल मुजीबभाई चहाला थांबला. मी सहज इचारलं, ह्यांच्या बोटीच्या पोत्यांचं काय झालं. म्हणाला, मालकाला दुसरं गिऱ्हाईक कवाच घावलं, दगडासकट घेतात. त्यो खडक आता निम्मा ऱ्हायला न्हाई. "चाचाची होडी वाळूवर पालथी हाय," म्हणाला. "गळाला काय लागतच न्हाई. मग त्यांचा सैफ गेला बोटीवर."

कोणत्या बोटीवर, ह्यांनी इचारलं.

"तुझीच जागा रिकामी व्हती ना, सुमितभाई."

चाचा, मी माझा माणूस वढून काढला तवा त्या जागी कोण जाईल हा इचार केला न्हाई. तुमचा पोरगा जाईल हे तर माझ्या डोक्यातबी आलं न्हाई. आधी तुमचा खडक गेला माझ्या बोलण्यानं. त्याची माफी कुठल्या शब्दात मागायची मला सांगता येत न्हाई. मी समिंदर बघितलं न्हाई. जे न बघता मोडलं ते कसं हाय, ते मी पोत्यात बघितलं, वाळलेलं. जित्तं असताना काय रंगाचं असतं ते मुजीबभाईला इचारलं, त्याला सांगता आलं न्हाई. तुमाला ठावं असंल.

पर ते आता माझ्या हातनं जुळायचं न्हाई. सैफचं अजून जुळंल.

त्या जाळ्याला लोखंडाचे जोड कुठं कुठं हायत ते ह्यांनाच ठावं. ह्यांनी चहा बाजूला सारला. म्हणले, "मुजीब, गाडी कवा माघारी निघती?" मग घरी आल्यापास्नं पैल्यांदा माझ्याकडं बघून म्हणले, "मी जातो. मालक ऐकंल तर लोखंड कापून देतो. न्हाई ऐकलं तर पोराला उतरवून आणतो. परत बोटीवर चढायला लागलं तरी चढंन, करुणा, तू आडवू नको."

ह्यांची आई दारात आडवी पडल्यावाणी बसली. म्हणाली, आत्ताच तर आलास रं. मला म्हणाली, तू तर बोल.

मी उठून ह्यांच्या पिशवीत भाकरी बांधली. यशूला त्यांच्या कडंवर दिलं, मग घेतलं. मीच म्हणलं, जावा.

चाचा, सैफ आडमुठ्यावाणी करंल. वीस वर्साचा पोरगा, त्याला लाज वाटंल उतरायला. त्याला म्हणा, शिक्रापूरला शटरच्या कामाला आणखी एक माणूस लागतो, हे मी ठेकेदाराला इचारून ठेवलंय. आमची खोली लहान हाय, पर पुढं पत्रा टाकून जागा व्हती. चाची, मी मटण कधी शिजवत न्हाई, पर तुमी सांगाल तसं शिकीन.

ते जाळं पाण्यात जाऊ देऊ नका. दोन्ही पोरांवर ओरडा, तुमी मोठे हाय. सैफला ट्रकात ह्यांच्या शेजारी बसवा आन् दार बाहेरनं तुमी लावा.

मी हितं दोघांचीबी वाट बघती.

तुमची सून म्हणा, करुणा